वकीलबाईंची सरपंचकी: खाजनातल्या एका परवान्याचे प्रकरण

आवक नोंदवहीत त्या अर्जाची नोंद अगदी साधी होती. सर्व्हे नंबर, पोटविभाग आणि पुढे 'शेताला कुंपणाची भिंत व पंपघर बांधण्यास परवाना मिळणेबाबत'. सोबत एक-चौदाचा उतारा (आमच्याकडचा सातबारा), हाताने काढलेला आराखडा आणि अर्जदाराची सही. जमीन कोणत्या प्रकारची, या प्रश्नापुढे त्याने लिहिले होते: मोरड, म्हणजे उंचावरची शेतजमीन. सचिवांनी अर्ज सरपंचांपुढे ठेवला. त्यांनी नाव वाचले, उतारा वाचला, अर्जाची घडी होती तशी घातली आणि तो परत दिला. "हा विषय निघेल तेव्हा मी खुर्चीत नसेन. इतिवृत्तात तसे लिहा."

मी समोरच बसलो होतो आणि मला राग आला. जमिनीचा कायदा पाठ आहे म्हणून ज्यांना आम्ही सरपंच केले, त्याच ऐन वेळी उठून जाणार म्हणजे काय? हा राग बरेच महिने मनात राहिला. तो कसा गेला हे सांगायचे तर सगळे प्रकरण पहिल्यापासून मांडावे लागेल. नव्याने निवडून येणाऱ्या पंचांना ते उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते. वकील, मास्तर, कंत्राटदार, दुकानदार असे आपापले धंदे घेऊनच माणसे पंचायतीत येतात, आणि त्यातला धंदा दाराबाहेर किती ठेवायचा हे कोणी शिकवत नाही.

गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले, जुवारी नदीच्या काठचे. पंचायत सात पंचांची, त्यांतला एक मी. माझे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि दोन तुकडे शेत खाजनात, खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, अर्जातल्या सर्व्हेपासून चार मेरा सोडून. मी तटस्थ नव्हतो, हे वाचणाऱ्याने धरून चालावे. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ती माणसे अजून एकमेकांच्या दारात बसतात, आणि तसेच राहावे. आम्ही बोलतो कोकणीतून आणि लिहितो मराठीतून, तेव्हा इथले बोलणेही बहुतेक मराठीतच दिले आहे.

पाडेल्याची मुलगी

सरपंच मुंडकाराच्या घरात जन्मल्या. वडील पाडेली. भाटकाराचे माड पाडायचे, म्हणजे नारळ उतरवायचे, आणि त्याच भाटात, माडांच्या बागेत, घर. भाटकार म्हणजे जमीनमालक, आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहिलेला माणूस. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला कोणी उठवू नये असे संरक्षण दिले आणि पंचायत क्षेत्रात घर व भोवतालची साधारण ३०० चौरस मीटर जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. हक्क कागदावर आला. तो हातात यायला मामलेदारांकडे अर्ज, पंचनामा, सुनावणी आणि पुढची तारीख. वडिलांच्या तारखेला कापडी पिशवीत कागद घेऊन जाण्याचे काम या मुलीकडे होते, कारण घरात वाचता येणारी ती एकटी. मिरामारच्या साळगावकर लॉ कॉलेजात आपण गेलो ते या पिशवीमुळे, असे त्या स्वतः सांगतात.

वकिलीची सनद घेऊन त्या फोंड्याला बसल्या. म्हातारी माणसे अजून पोर्तुगीज काळातला 'आदवोगाद' हा शब्द वापरतात, पण यांना सगळे वकीलबाई म्हणायला लागले. त्यांच्या ऑफिसात तीन कपाटे होती. पहिल्यात पोर्तुगीज काळचे कागद: मात्रीज (महसुली नोंद), देस्क्रिसांव (जमिनीच्या नोंदणीतले वर्णन), इन्व्हेंतार (वारसावाटणीचे कागद). गोव्यात जमिनीचा खटला चालवायचा तर हे वाचता यावे लागते, आणि त्या ते एका निवृत्त कारकुनाकडून संध्याकाळी जाऊन शिकल्या होत्या. दुसऱ्यात मुक्तीनंतरचे कायदे आणि चालू खटल्यांच्या फायली. तिसऱ्या कपाटात वह्या. अशील पहिल्यांदा समोर बसून जे बोलतो ते त्या त्याच्याच शब्दांत उतरून घेत, आणि त्या वह्यांची किल्ली मुन्शीकडेसुद्धा नसे.

कामे बहुतेक कुळांची आणि मुंडकारांची. १९६४ च्या कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि २० एप्रिल १९७६ रोजी जो जमीन कसत होता तो मालक मानला गेला. ऐकायला सोपे आहे. पण त्या दिवशी आपण कसत होतो हे चाळीस वर्षांनी दाखवायचे कसे? खंडाच्या पावत्या वाळवीने खाल्लेल्या, साक्षीदार गेलेले. त्यात २०१४ च्या दुरुस्तीने हे खटले मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयात गेले आणि मोठ्या विरोधानंतर पुन्हा मामलेदारांकडे आले. फायली तालुक्याच्या गावात या इमारतीतून त्या इमारतीत फिरल्या आणि कुळे त्यांच्यामागून.

अर्जदार काका अशाच एका खटल्यातले त्यांचे अशील. भाटकाराच्या वारसांनी कूळ नाकारले होते. नऊ वर्षे खटला चालला. पहिली काही वर्षे फी म्हणून उकडे तांदूळ आणि नारळ येत. वकीलबाई जिंकल्या आणि काका त्या शेताचे मालक झाले. निकालाच्या दिवशी गावात पेढे वाटले गेले, मीही खाल्ला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे भिंतीसाठी अर्ज आला तो याच शेतात.

वकिलीतून गावकारभारात येण्याची वाट आपल्याकडे जुनी आहे. फिरोजशहा मेहता बॅरिस्टर होते आणि मुंबईच्या महापालिकेला आकार देण्यात त्यांचा हात होता. वल्लभभाई पटेल अहमदाबादच्या नगरपालिकेत १९१७ साली शिरले आणि १९२४ ते १९२८ तिचे अध्यक्ष होते. पण ती शहरे होती. सात पंचांच्या पंचायतीत समोर बसलेला माणूस एक तर तुमचा अशील असतो, नाही तर तुमच्या अशिलाचा विरोधक, आणि दोघेही तुमच्या लग्नात जेवलेले असतात.

१० ऑगस्ट २०२२ रोजी गोव्यातल्या १८६ पंचायतींची निवडणूक झाली. आमच्याकडे पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. माणसे घर बघून, देऊळ बघून आणि मागच्या पावसात कोण धावून आले ते बघून मत देतात. वकीलबाईंचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि त्या उभ्या राहिल्या. निवडून आल्यावर सरपंच कोण, यावर उपसरपंचांशी तोंडी ठरले: पहिली अडीच वर्षे वकीलबाई, पुढची अडीच ते. गोव्यात हे सर्रास चालते आणि बऱ्याच पंचायतींचे पुढचे सगळे भांडण या तोंडी बोलण्यातूनच जन्मते.

पुरावा काय?

पहिले चार महिने वाईट गेले. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

एक विधवा बाई तक्रार घेऊन आली होती. शेजाऱ्याच्या न्हाणीचे पाणी तिच्या तुळशीजवळून वाहायचे. सरपंचांनी विचारले, केव्हापासून? बाई म्हणाली, बरेच दिवस. "बरेच म्हणजे किती? चतुर्थीच्या आधीपासून की नंतर? तेव्हा तुम्ही लेखी का दिले नाही? शेजाऱ्याशी तुमचे दुसरे काही भांडण आहे का?" एकही प्रश्न चुकीचा नव्हता. पण बाई प्रत्येक प्रश्नागणिक खुर्चीत मागे सरकत गेली आणि शेवटी "जाऊ दे ते" म्हणून उठली. पदर डोळ्यांना लावून ती जिना उतरली. सचिव खिडकीबाहेर बघत राहिले. मी म्हटले, "मॅडम, ती साक्षीदार नव्हती."

त्यांनी उत्तर दिले नाही. पण त्या संध्याकाळी त्या एकट्याच त्या बाईच्या घरी गेल्या, न्हाणीमागे उभ्या राहिल्या आणि पाणी कसे वाहते ते बघून आल्या. आठ दिवसांत गटार वळवले गेले. तेव्हापासून तक्रार आली की आधी जागा, मग कागद, असा क्रम त्यांनी लावून घेतला. वकील बोलतो तो एकाच्या वतीने आणि समोरच्याचे बोलणे ऐकतो ते त्यातले भगदाड शोधायला. सरपंचाला तोच कान वेगळ्या कामाला लावावा लागतो. वीस वर्षांची सवय मोडायला त्यांना सहा महिने लागले, आणि मला वाटते ते लवकरच झाले.

दुसरी सवय मात्र त्यांनी मोडली नाही आणि ती आमच्या कामी आली. आमचे जुने ठराव एका ओळीचे असत: 'चर्चा होऊन अर्ज नामंजूर.' असा ठराव पंचायत उपसंचालकांपुढे अपिलात गेला की पहिल्याच सुनावणीत कोलमडतो, कारण नामंजूर का, याचे उत्तर कागदावर नसते. वकीलबाई आम्हा पंचांना महिन्यातून एकदा बसवून शिकवत. "आधी तारीख आणि वेळ. मग कोण हजर होते. मग डोळ्यांनी काय पाहिले. अर्जदार काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत. कायदा शेवटी." मी ते एका वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले होते.

लाल माती

खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून समुद्राच्या भरतीपासून सोडवलेली जमीन. गोव्यात ती सुमारे १८,००० हेक्टर आहे असे सांगतात. बांधात एक मानस, म्हणजे पाण्याचे दार, असते. तिच्या लाकडी दारांना कोणी हात लावावा लागत नाही: भरतीचे पाणी बाहेरून दाबले की ती मिटतात, ओहोटीला आतले पाणी ढकलून उघडतात. पावसाळ्यात गोडे पाणी खार धुऊन नेते आणि कोरगुट हा भात पिकतो, जो थोडे खारे सोसतो. पीक निघाल्यावर मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होतो. सगळ्यांनी मिळून राखायची ही जमीन आहे. एकाने आपल्या तुकड्यात मातीचा ढीग घातला तर पाणी शेजाऱ्याच्या शेतात साचते. एकीकडे बांध फुटला तर खारे पाणी सगळ्यांच्या शेतात जाते, आणि ती जमीन पुन्हा गोडी व्हायला वर्षे लागतात.

निवडणुकीनंतरच्या उन्हाळ्यात, मार्चअखेरीस, रात्री ट्रक येऊ लागले. सकाळी बघावे तर रस्त्यालगतच्या शेतात चिऱ्याच्या खाणीतली लाल माती, चांगली पुरुषभर उंच. काका म्हणाले, मेर बळकट करतो आहे. मग अर्ज आला. मागे बाहेरचा कोणी घेणारा आहे हे गावात सगळ्यांना माहीत होते. त्याच सुमाराला शेतजमिनीच्या विक्रीवर बंधन घालणारा २०२३ चा कायदा नवा होता, भातशेत बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. म्हणूनच आधी भिंत, मग पंपघर, मग 'ही मोरडच आहे, बघा ना भराव किती उंच', असा तो रस्ता होता. माझे तरी असेच मत आहे.

उताऱ्याची मेख इथेच होती. एक-चौदाच्या उताऱ्यात खाजन, केर, मोरड असे वेगवेगळे रकाने असतात. या सर्व्हेचे सगळे क्षेत्र नुसते भातशेतीच्या रकान्यात पडले होते आणि खाजनाचा रकाना रिकामा. मोजणीच्या वेळी कोणाच्या तरी हातून राहिलेली गोष्ट, पण त्या रिकाम्या रकान्यातून ट्रक आत शिरत होते.

एप्रिलच्या रविवारची सामान्य ग्रामसभा. गणपूर्तीअभावी नेहमीप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली, पण त्या अर्ध्या तासात शाळेचा हॉल भरला. विषय निघताच सरपंच उठल्या. "अर्जदार माझे जुने अशील आहेत. याच जमिनीचा खटला मी चालवला. या विषयावर उपसरपंच सभा चालवतील," म्हणून त्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. हॉलमध्ये गलका झाला. मागून कोणी ओरडले, "फी घेतली ती आता फेडते!" काका पुढच्या रांगेतून उठून म्हणाले, "कुळांची वकील म्हणवते आणि कुळालाच उघड्यावर सोडते!" दोन्ही बाजूंनी एकच माणूस सोलला जात होता आणि तो दाराच्या बाहेर उभा राहून पाऊस नसलेल्या आकाशाकडे बघत होता.

सचिवांनी मला हळूच सुचवले, कागद अपुरे म्हणून अर्ज परत करू. रूपांतराची सनद नाही, नगरनियोजन खात्याची मान्यता नाही. सुटका झाली असती. पण दोन महिन्यांत कुठून तरी कागद घेऊन तोच अर्ज परत आला असता, तोवर माती वाढली असती आणि पहिला पाऊस पडून गेला असता. जमीन खाजन आहे की मोरड, याचे उत्तर पंचायतीने स्वतः बघून द्यायला हवे होते. मी व्हरांड्यात जाऊन सरपंचांना विचारले, "तुम्ही त्या खटल्यात होता. तिथे ही जमीन कसली म्हणून लिहिली होती?"

त्या म्हणाल्या, "भाऊ, मला हे विचारू नका."

राग आला तो खरा इथे. बाहेरून बघितले तर शेत वाचवणारे एक वाक्य त्यांच्या तोंडात होते आणि त्या ते गिळत होत्या.

पाण्याची नळी

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पाहणी ठरली. पौर्णिमा-अमावास्येला भरती मोठी असते हे खाजनात वाढलेल्या पोरालाही कळते. अर्जदाराला लेखी कळवले. दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही बांधावर: उपसरपंच, तीन पंच, सचिव, कुळांच्या असोसिएशनचे दोघे, काका आणि गावातला एक गवंडी. गवंड्याला कोणी बोलावले नव्हते. तो आपण होऊन आला आणि त्याच्या खांद्यावर पारदर्शक नळीचे भेंडोळे होते, भिंतीची पातळी काढायला वापरतात ते.

बाहेर खाडी बांधाच्या काठाखाली एक वीत उरवून भरलेली होती. मानशीची दारे मिटलेली, फटीतून बारीक धार आत येत होती. मी ओंजळ जिभेला लावली. मीठ. आत शेत कोरडे, भेगाळलेले, मेरेला खेकड्यांची बिळे. गवंड्याने नळीत पाणी भरले, एक टोक बांधाच्या बाहेरच्या अंगाला भरतीच्या रेघेवर धरायला मला दिले आणि दुसरे घेऊन तो मातीच्या ढिगापलीकडे, काकांच्या न भरलेल्या शेतात उतरला. तिथे त्याने एक बांबू रोवला. नळीतले पाणी वरखाली झाले, मग थांबले. त्याने बांबूवर कोळशाची खूण केली.

खूण त्याच्या कमरेवर होती.

म्हणजे त्या क्षणी बांध नसता तर आम्ही उभे होतो तिथे कमरेइतके खारे पाणी असते. सचिवांनी टेप लावली, पाऊण मीटरच्या वर भरले. कोणी काही बोलले नाही. काकांनी खूण बघितली, जवळ गेले, बांबूला हात लावला आणि तसेच मागे वळून बांधावरून घराकडे चालू लागले. पाठमोऱ्या काकांकडे बघताना मला त्यांच्याबद्दल वाईट वाटले. नऊ वर्षे कोर्टात घालवून मिळवलेले शेत, दोन्ही मुलगे कामाला बाहेर, कोरगुटाला मजूर मिळत नाही. मातीचा ढीग त्यांनी आनंदाने घातला असेल असे मी मानत नाही.

त्याच आठवड्यात काकी वकीलबाईंच्या घरी रात्री गेल्या होत्या. हे मला काकींनीच नंतर सांगितले. वकीलबाईंनी त्यांना पाट दिला, पाणी दिले आणि म्हणाल्या, "काकी, त्या विषयावर इथे नको. उद्या पंचायतीत या, सचिवांकडे बोला." गोव्यात लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता सहसा दोघांची निम्मी-निम्मी असते. पोर्तुगीज नागरी कायद्याची ती रीत इथे अजून चालते, आणि जमिनीच्या व्यवहाराला दोघांची संमती लागते. अर्जावर सही एकट्या काकांची होती. दुसऱ्या दिवशी काकी आल्या. काष्ट्याचे लुगडे, हातात छत्री. सचिवांनी संमतीपत्राचा कागद पुढे केला. त्यांनी तो दोन बोटांनी मागे सारला. "म्हजी सय मेळची ना," माझी सही मिळणार नाही, एवढे बोलून त्या छत्री घेऊन निघाल्या. आजवर पंचायतीच्या त्या खोलीत इतके थोडके आणि इतके पुरेसे बोलणे मी ऐकलेले नाही.

ठराव मी आणि सचिवांनी दोन रात्री बसून लिहिला. मसुदा दाखवायला वकीलबाईंकडे गेलो तर त्यांनी हातही लावला नाही. वहीचा पुठ्ठा काढला आणि तो क्रम धरला: तारीख, हजर माणसे, भरतीची वेळ, नळीची खूण, टेपचे माप, काकांचे म्हणणे, काकींचे म्हणणे. मग कायदा. ६ जानेवारी २०११ च्या किनारी क्षेत्राच्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद आहे, खाजनात विकासकामाला परवानगी नाही. नगरनियोजन कायद्याचे कलम १७-अ सखल जमीन परवानगीशिवाय भरू देत नाही. आणि १९९१ चा जमीन वापर कायदा सांगतो की कूळ कायद्याने मिळालेली जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. म्हणजे ज्या खटल्याने शेत काकांचे झाले, त्याच खटल्याने ते शेतच राहायला हवे होते. हे लिहिताना माझा पेन थोडा वेळ थांबला.

ठराव आम्ही मराठीत लिहिला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली तरी शासकीय कामाला मराठीही चालते, आणि खाजनातल्या माणसांना वाचता यायला हवा होता. मतदानाच्या वेळी सरपंच बाहेर. चार विरुद्ध दोन मतांनी परवाना नाकारला गेला.

काका अपिलात गेले. असोसिएशनही तिथे उभी राहिली आणि तिच्या वकिलाने जुन्या कूळ खटल्यातल्या साक्षीची प्रमाणित नक्कल काढून दाखल केली. मी तिथे हजर होतो, ती वाचून दाखवली तेव्हा. काकांनी शपथेवर सांगितले होते की हे शेत खाजन आहे, मानशीच्या राखणीची पाळी आपल्या घराण्याकडे असे, आणि मानस उघडी राहिली की दोन वर्षे पीक येत नाही. खाली वकील म्हणून नाव आमच्या सरपंचांचे. अपील फेटाळले गेले, तेही मुख्यतः पाहणीच्या नोंदीवर; साक्षीने तिला दुजोरा मिळाला.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी त्यांना गाठले. "तुम्हाला सगळे माहीत होते."

"होते."

"मग ग्रामसभेत का नाही बोललात? साक्ष तर उघड कागद आहे."

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "उघड आहे म्हणून ज्याला हवी त्याने काढली. मला ते काकांनी सांगितले ते वकिलाला म्हणून. सरपंचाला नव्हते सांगितले. मी माझ्या कपाटातून ते ग्रामसभेत आणले असते, तर उद्या या गावातली कुठली मुंडकारीण वकिलापुढे खरे बोलली असती?"

कायदाही तेच सांगतो हे मला नंतर कळले. अशिलाने कामासाठी सांगितलेली गोष्ट वकिलाने त्याच्या संमतीशिवाय उघड करायची नाही, आणि काम संपले तरी ते बंधन सुटत नाही. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. बार कौन्सिलचे नियम तर आणखी पुढे जातात: ज्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर वकील आहे, तिच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याने उभे राहायचे नाही. पण त्या दिवशी गाड्यावर त्यांनी कलमाचे नाव काढले नाही. मुंडकारणीचे काढले. मला कापडी पिशवी घेऊन मामलेदारांच्या दारात बसलेली मुलगी आठवली आणि माझा राग तिथे संपला.

अविश्वास

दीड वर्ष झाले आणि अविश्वासाची नोटीस आली. पंचायतराज कायदा १९९४, कलम ५१. खास बैठकीत एकूण सदस्यांच्या बहुमताने ठराव झाला की सरपंच पायउतार. आमच्याकडे सातात चार पुरतात. परवान्याच्या बाजूने मत देणारे दोघे होतेच, त्यांना उपसरपंच आणि आणखी एक जण मिळाले. अडीच वर्षांचे ठरलेले असताना दीड वर्षात घाई का, याचे खरे उत्तर मला आजही कोणी तोंडावर दिलेले नाही. उपसरपंचांनी पाहणीच्या दिवशी आपले काम चोख केले होते, हे मी त्यांच्यावर रागावलेलो असतानाही नाकारणार नाही.

बैठकीत वकीलबाईंना बोलायला वेळ मिळाला. मला वाटले आता कोर्टातली वकीलबाई दिसेल. त्यांनी मानशीच्या दुरुस्तीची फाईल टेबलावर ठेवली, कुठे अडली आहे ते सांगितले, पुढच्या माणसाने पावसाआधी पाठपुरावा करावा असे म्हटले आणि बसल्या. चार विरुद्ध तीन. त्या पंच म्हणून राहिल्या, सोमवारी काळा कोट घालून फोंड्याच्या बसला उभ्या होत्या.

महिन्याभराने काका त्यांच्या घरी गेले. आता तू सरपंच नाहीस बाय, वरच्या कोर्टात माझी बाजू घे, म्हणाले. त्यांनी नाही म्हटले. ज्या पंचायतीने निर्णय दिला तिच्यात आपण बसतो, हे समजावून सांगितले, दोन चांगल्या वकिलांची नावे आणि पत्ते कागदावर लिहून दिले आणि चहा केला. काका चहा प्यायले. वरच्या कोर्टात मात्र ते गेले नाहीत.

माती उचलण्याचा आदेश झाला, निम्मी उचलली गेली. उरलेल्या ढिगावर आता गवत आहे आणि एक कुड्याचे झाड रुजले आहे. गेल्या पावसाळ्यात काकींनी दोन बायका मजुरीला घेऊन कोरगुट पेरला, ढिगाच्या अगदी पायथ्यापर्यंत. गवंड्याने रोवलेला बांबू त्या शेतात तसाच उभा आहे. काकी त्याच्यावर लावणीच्या दिवसांत डोक्यावरचे इरले टांगतात.